मार्गारेट विल्सन आणि सेंट कोलंबा शाळेचा पाया

मुंबईच्या गावदेवी भागातील सेंट कोलंबा ही मुलींची शाळा आपले स्थापनावर्ष १८३२ असे नोंदवते आणि संस्थापक म्हणून मार्गारेट विल्सन यांचे नाव घेते. हेच वर्ष विल्सन कॉलेजच्या इतिहासातही आरंभवर्ष म्हणून येते. कारण त्याच वर्षी मार्गारेट यांचे पती रेव्हरंड जॉन विल्सन यांनी अंब्रोली येथे मुलग्यांसाठी एक इंग्रजी शाळा काढली आणि त्या शाळेचेच पुढे महाविद्यालय झाले. एकाच कुटुंबाने एकाच वर्षी ज्यांची पायाभरणी केली अशा या दोन संस्थांपैकी कॉलेजचा इतिहास अनेकदा आणि विस्ताराने लिहिला गेला, तर मुलींच्या शाळेला त्या इतिहासात बहुधा एखाद्या परिच्छेदापुरती जागा मिळाली. हे केवळ लेखकांच्या दुर्लक्षामुळे झाले असे म्हणता येत नाही. त्या काळच्या मिशनची घडणच अशी होती की पत्नीच्या कामाला कागदोपत्री स्वतंत्र जागा नसे.

मिशन या शब्दाने येथे धर्मप्रसारासाठी परदेशी पाठवलेल्या पाद्र्यांची संघटित कामगिरी अभिप्रेत आहे. विल्सन ज्या संस्थेकडून आले ती स्कॉटिश मिशनरी सोसायटी १७९६ मध्ये एडिंबरो येथे स्थापन झाली होती आणि १८२३ पासून कोकणात बाणकोट व हर्णै या ठिकाणी तिचे काम सुरू होते. अशा संस्था नेमणूक करीत ती पुरुषाची; पगार त्याचा, अहवाल त्याने पाठवायचा आणि मतभेद झाल्यास जाब त्याला विचारला जायचा. पत्नी त्याच्यासोबत जाई, घर सांभाळी आणि अंगी उत्साह असेल तर स्त्रियांमध्ये व मुलींमध्ये काम करी, परंतु त्या कामाचे तिला वेतन नसे आणि त्यासाठी कोणते पदही नसे. अविवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे मिशनरी म्हणून पाठवण्याची प्रथा त्या वेळी नुकतीच सुरू होत होती; १८२७ च्या अखेरीस मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार या तिचे ठळक उदाहरण होत. मार्गारेट विल्सन यांची गणना मात्र मुंबईतील सहा वर्षांच्या वास्तव्यात अखेरपर्यंत मिशनरीची पत्नी अशीच झाली, आणि तरीही त्यांच्यामागे एक शाळा उभी राहिली.

मार्गारेट यांचे माहेरचे आडनाव बेन. त्यांचा जन्म १७९५ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ग्रीनॉक या बंदरगावी झाला. वाफेच्या इंजिनात सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉट यांचे जन्मगाव म्हणून हे गाव परिचित आहे. मार्गारेट यांचे वडील केनेथ बेन हे तेथील गेलिक चॅपेलचे पाळक होते. गेलिक ही स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातील लोकांची भाषा असून, उपजीविकेसाठी बंदरात उतरलेल्या या लोकांना इंग्रजी उपासना नीट कळत नसल्याने त्यांच्यासाठी त्यांच्याच भाषेत उपासना चालवणारी ही मंडळी होती. मंडळी म्हणजे एका ठिकाणी नियमाने उपासनेसाठी जमणारा ख्रिस्ती समुदाय. धर्मोपदेश ऐकणाऱ्याच्या घरच्या भाषेतच झाला पाहिजे ही गोष्ट मार्गारेट यांनी पाळकाच्या घरात लहानपणापासून पाहिलेली होती. मराठी शिकण्याची त्यांनी पुढे जी घाई केली तिचे एक कारण या बालपणात असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे.

विवाह झाला तो ऑगस्ट १८२८ मध्ये. वधू बत्तीस वर्षांची होती, वर तेवीस वर्षांचा. त्या काळी मराठी समाजात तर हे वयाचे गणित कल्पनेपलीकडचे होतेच, पण स्कॉटलंडमध्येही ते नेहमीचे नव्हते. लग्नानंतर काही दिवसांतच जोडपे जहाजात बसले आणि आफ्रिकेला वळसा घालून फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईस पोहोचले. तेथून त्यांची रवानगी कोकणात झाली, ती मुख्यतः भाषा शिकण्यासाठी. मराठी शिकणाऱ्या परकीयाच्या हाताशी त्या वेळी विल्यम कॅरी यांचे श्रीरामपूरचे व्याकरण (१८०५) व शब्दकोश (१८१०) आणि व्हॅन्स केनेडी यांचा १८२४ चा कोश एवढीच प्रमुख साधने होती. मोल्सवर्थ यांचा कोश प्रसिद्ध होण्यास अजून दोन वर्षांचा अवकाश होता. त्यामुळे सारी भिस्त पंडितावर होती. हर्णैच्या पावसाळ्यात, समुद्रमार्ग बंद आणि बाहेर पडणे अशक्य अशा दिवसांत, पतिपत्नी दोघेही पंडितापुढे बसून एकाच वेळी मराठी शिकले. पत्नीने नोकरचाकरांशी बोलण्यापुरती भाषा शिकावी आणि पतीने प्रवचनापुरती, अशी वाटणी अनेक इंग्रज घरांत होती. या घरात ती नव्हती. सहासात महिन्यांत जॉन विल्सन मराठीत उपदेश करू लागले आणि त्या वर्षाच्या अखेरीस दोघे मुंबईत स्थायिक झाले.

मुंबईत मुलींच्या शिक्षणाची स्थिती काय होती हे पाहिल्यावाचून पुढील कामाचे मोल कळणार नाही. सरकारच्या पाठिंब्याने चालणाऱ्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा मुलग्यांसाठी होत्या आणि मुलींच्या शाळांना सरकारने उत्तेजन द्यावे असे धोरण म्हणून लिहिले गेले ते थेट १८५४ च्या वुड यांच्या खलित्यात. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींसाठी शाळा काढली होती आणि फॅरार यांच्या आगमनानंतर त्या कामाला वेग आला होता. म्हणून मार्गारेट विल्सन यांची शाळा मुंबईतील मुलींची पहिली शाळा होती, असे जे विधान अधूनमधून केले जाते ते सावरून घेतले पाहिजे. पहिली नव्हे, तर आरंभकाळातील आणि आजतागायत चालू राहिलेल्या फार थोड्यांपैकी एक, असे म्हणणे अधिक रास्त होईल. स्मरणिकांमध्ये पहिलेपणाचा मोह अनावर होतो, परंतु एकशेनव्वद वर्षे टिकणे हा मान काही कमी नाही.

मुंबईत येताच मार्गारेट यांनी मुलींसाठी मराठी शाळा उघडण्यास सुरुवात केली आणि थोड्याच अवधीत अशा अनेक लहान शाळा त्यांच्या देखरेखीखाली आल्या. शाळा म्हणजे इमारत, बाक आणि घंटा असे आजचे चित्र येथे लागू पडत नाही. त्या काळच्या मिशनच्या मराठी शाळा भाड्याच्या खोलीत किंवा ओसरीवर भरत. मुली जमिनीवर बसून धूळपाटीवर, म्हणजे धूळ किंवा बारीक वाळू पसरलेल्या फळीवर, बोटाने अक्षरे गिरवीत. बालबोध, म्हणजे आजची देवनागरी, ही छापील पुस्तकांची लिपी असल्याने वाचन तिच्यात होई. व्यवहारात मोडी चाले. शिकवणारा बहुधा पंतोजी असे, कारण लिहितावाचता येणारी आणि घराबाहेर येऊन शिकवण्यास तयार असलेली स्त्री मिळणे जवळपास अशक्य होते. वाचन, लेखन, थोडी मोजणी, शिवणकाम आणि ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे असा साधारण पाठ्यक्रम होता.

या व्यवस्थेत एक विसंगती उघड होती. प्रश्नोत्तरावली, म्हणजे धर्मतत्त्वे प्रश्न आणि उत्तर या रूपाने पाठ करवून घेणारी पुस्तिका, ती मुलींना शिकवणारा पंतोजी स्वतः ख्रिस्ती नसे आणि त्या उत्तरांवर त्याचा विश्वासही नसे. तो पोटासाठी शिकवी, मुली पाठ करीत आणि मिशनची मंडळी तपासणीला आली की उत्तरे घडाघडा म्हणून दाखवली जात. यावर उपाय एकच होता: बाईंनी स्वतः एकेका शाळेत जाऊन, मराठीत प्रश्न विचारून, मुलीला अर्थ कळला आहे की केवळ पाठ झाले आहे हे पडताळणे. मार्गारेट यांच्या पत्रांत व दैनंदिनीत अशा भेटींची वर्णने आहेत. कोकणातल्या पावसाळ्यातील अभ्यास येथे उपयोगी पडला. भाषा येत नसलेल्या तपासनिसाला या शाळांत पोपटपंचीच ऐकायला मिळाली असती.

मुली मिळवणे कठीण होते आणि आलेल्या मुली टिकवणे त्याहून कठीण. मुलगी शिकली तर विधवा होते, ही समजूत त्या काळी खोलवर रुजलेली होती. शिवाय मुलीचे लग्न आठनऊ वर्षांची असतानाच होई आणि ती सासरी गेली की तिचे शिक्षण तिथेच संपे. नुकतीच जोडाक्षरे वाचू लागलेली मुलगी पटावरून नाहीशी होई आणि पंतोजीला पुन्हा ‘अ आ’पासून नवी मुलगी बसवावी लागे. वरच्या मानल्या गेलेल्या जातींची घरे मिशनच्या शाळेपासून सहसा दूर राहत, कारण या शाळांचा हेतू केवळ साक्षरता नसून धर्मप्रसार हाही आहे, हे सर्वांना ठाऊक होते. मिशनने तो हेतू कधी लपवला नाही आणि आज शाळेचा इतिहास लिहिताना तो झाकून ठेवण्याचेही कारण नाही. १८३१ मध्ये जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात जाहीर वादविवाद झाला, त्यातून मोरभटांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ आणि विल्सन यांचे प्रत्युत्तर अशी दोन पुस्तके निघाली. ज्या पाद्र्याशी गावातले शास्त्री जाहीर वाद घालीत होते, त्याच पाद्र्याच्या पत्नीच्या शाळेत मुलगी पाठवणाऱ्या आईबापांना शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड देणे किती जड गेले असेल याची कल्पना सहज करता येते.

पटावरून मुली गळण्याचे दुखणे दिवसाच्या शाळेने बरे होण्यासारखे नव्हते. १८३२ मध्ये मार्गारेट यांनी काढलेल्या वसतिगृहयुक्त शाळेचे महत्त्व येथेच आहे. अनाथ, निराधार व गरीब घरांतील मुलींना निवारा देऊन तेथेच शिक्षण देणारी ही शाळा आजच्या सेंट कोलंबाचा उगम मानली जाते. दिवसाच्या शाळेत येणाऱ्या मुलीच्या आयुष्यातला एखाददुसरा तास बाईंच्या वाट्याला येई. वसतिगृहातल्या मुलीच्या बाबतीत तिचे जेवण, कपडे, आजारपण, शिस्त आणि पुढे लग्न ही सर्व जबाबदारी त्यांच्यावर येत होती. खर्चही वाढला. मिशनचा निधी प्रामुख्याने पुरुष मिशनऱ्यांच्या नेमणुकांसाठी असल्याने मुलींच्या शाळेकरिता मुंबईतील युरोपीय कुटुंबांकडून व मायदेशातील स्नेह्यांकडून वर्गण्या मिळवणे भाग होते आणि त्यासाठी पत्रे लिहिणे हेही पत्नीच्याच कामात मोडत होते.

जॉन विल्सन यांच्या कार्यपद्धतीमुळे या कामात आणखी भर पडली. दर हिवाळ्यात ते दूरवर दौऱ्यावर निघत. नाशिक, जालना-औरंगाबाद, गोवा, गुजरात, काठेवाड असे त्यांचे दौरे झाले आणि त्या महिन्यांत मुंबईतील मिशनचे दैनंदिन काम, शाळांची देखरेख, घरी येणाऱ्या जिज्ञासूंशी बोलणे, हिशेब आणि पत्रव्यवहार ही सर्व कामे मार्गारेट पाहत. १८३० मध्ये जॉन विल्सन यांनी सुरू केलेल्या ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ या इंग्रजी मासिकासाठीही त्या लिहीत. मराठीत पहिले वृत्तपत्र म्हणून ओळखले जाणारे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ जानेवारी १८३२ मध्ये निघाले हे लक्षात घेतले, तर मुंबईत मराठी नियतकालिकांची नुकती सुरुवात होत असतानाच एक स्त्री नियमितपणे लिहीत होती हे वेगळे नोंदवण्याजोगे आहे. याच काळात घरात मुले जन्मत होती आणि तान्हेपणी मरतही होती. १८३१ मध्ये मुंबईत जन्मलेले अँड्र्यू विल्सन जगले आणि एडिंबरो व ट्युबिंगेन येथे शिकून पुढे पत्रकार व प्रवासलेखक झाले. हिमालयातील प्रवासावरचे त्यांचे ‘द अबोड ऑफ स्नो’ हे १८७५ चे पुस्तक त्या काळी गाजले.

१८३५ च्या पहिल्या महिन्यांत जॉन विल्सन काठेवाडच्या दौऱ्यात गिरनारच्या पायथ्याच्या शिळेपाशी होते. या शिळेवरील लेखांच्या ज्या नकला पुढे कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेल्या त्यांतून सम्राट अशोकाच्या आज्ञांचे वाचन झाले आणि त्या कामात विल्सन यांचा वाटा इतिहासाच्या अभ्यासकांनी मान्य केला आहे. ते परतल्यावर लवकरच, १९ एप्रिल १८३५ रोजी, मार्गारेट यांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे वय एकोणचाळीस होते. त्याच वर्षी मुंबईचे मिशन स्कॉटिश मिशनरी सोसायटीकडून चर्च ऑफ स्कॉटलंडकडे, म्हणजे तेथील राज्यमान्य धर्मसंस्थेकडे, सोपवण्यात आले. त्यामुळे संस्थापिकेचा मृत्यू आणि मालकीतील बदल असे दोन धक्के शाळेला एकदमच बसले.

मार्गारेट यांच्याविषयी जी माहिती आज मिळते तिचा मुख्य आधार म्हणजे जॉन विल्सन यांनी लिहिलेले आणि १८३८ मध्ये एडिंबरो येथे प्रसिद्ध झालेले त्यांचे चरित्र. त्यात मार्गारेट यांची पत्रे व दैनंदिनीतील उतारे विपुल आहेत आणि त्या दृष्टीने ते मोलाचे साधन आहे. तथापि ते वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. एक म्हणजे हे पुस्तक मृत मिशनरी-पत्नीच्या धर्मपरायण चरित्राच्या त्या काळी लोकप्रिय असलेल्या साच्यात बसवलेले आहे. अशा चरित्रांत श्रद्धा, सहनशीलता आणि धन्य मरण यांना ठरलेली जागा असे आणि वाचकवर्ग मायदेशातील वर्गणीदारांचा असे. दुसरे म्हणजे कोणती पत्रे छापायची, कोठे काटछाट करायची हे पतीने ठरवले आहे. हिशेबाची चिंता, पंतोजीशी झालेली खडाजंगी, नवरा दौऱ्यावर असताना आलेला कंटाळा अशा गोष्टी पत्रांत असल्या तरी छापील पुस्तकात त्यांना फारसा वाव मिळण्याचे कारण नव्हते. म्हणून या चरित्रातून दिसणारी मार्गारेट ही खरी असली तरी ती पूर्ण नाही असे धरून चालणे इतिहासलेखकाला भाग आहे. जॉन विल्सन यांच्या पदरी एवढे श्रेय मात्र बांधलेच पाहिजे की पत्नीच्या कामाचा त्यांनी पानोपानी तपशील दिला आणि शाळांचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही.

संस्थापिकेच्या मृत्यूनंतर शाळा बंद पडणे हे त्या काळी स्वाभाविक ठरले असते; व्यक्तीवर उभ्या असलेल्या कितीतरी शाळा तशा बंद पडल्या. ही शाळा टिकली याचे श्रेय तीन स्त्रियांकडे जाते. मार्गारेट यांच्या बहिणी ॲना बेन आणि हे बेन (‘हे’ हे त्यांचे नाव) या १८३७ मध्ये मुंबईस आल्या आणि बहिणीचे काम त्यांनी हाती घेतले. त्याच सुमारास एडिंबरोमध्ये भारतातील स्त्रीशिक्षणासाठी स्त्रियांची एक संस्था स्थापन झाली, ज्यामुळे मुलींच्या शाळांसाठी पाठवलेला पैसा मुख्य मिशनच्या तिजोरीतून न जाता वेगळा येऊ लागला. घरातल्या नात्याच्या आधाराने चाललेले काम संस्थेच्या स्वरूपात येण्याची ही पहिली पायरी होती. हे बेन यांनी पुढे मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याशी विवाह केला आणि त्याही पाद्र्याच्या पत्नी या नात्याने काम करीत राहिल्या. तिसऱ्या स्त्री म्हणजे जॉन विल्सन यांच्या दुसऱ्या पत्नी इझाबेला डेनिस्टन. त्यांचा विवाह १८४६ मध्ये झाला आणि १८६७ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे मार्गारेट यांच्यापेक्षा तिपटीहून अधिक काळ, त्यांनी मुलींच्या शाळांची देखरेख केली. शाळेच्या आठवणींत इझाबेला यांचा उल्लेख अभावानेच येतो. संस्थापिकेच्या तसबिरीशेजारी त्यांच्यासाठीही जागा असायला हवी होती.

मधल्या काळात १८४३ ची फूट झाली. पाळकाची नेमणूक जमीनदाराने करावी की मंडळीने, या प्रश्नावरून चर्च ऑफ स्कॉटलंडमधून सुमारे एकतृतीयांश पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. भारतातील स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चसोबत गेले, आणि इमारती, ग्रंथसंग्रह व उपकरणे जुन्या चर्चकडे राहिली. मुंबईत मुलग्यांच्या शाळेला हा फटका फार मोठा बसला, कारण तिची नवी इमारत उभी राहत असतानाच हातची गेली. मुलींच्या शाळा मुख्यतः भाड्याच्या जागांत आणि मिशनऱ्यांच्या घरांत चालत असल्यामुळे त्यांना हातचे गमावण्यासारखे त्या मानाने थोडेच होते.

येथे महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या पुढील इतिहासाशी या कामाचा संबंध किती, हा प्रश्न उभा राहतो. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, अहमदनगर येथील फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हा क्रम सुपरिचित आहे. मुंबईत १८४९ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने, म्हणजे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकलेल्या तरुणांनी, मुलींसाठी शाळा काढल्या त्या मिशनच्या शाळांना पर्याय म्हणून. मार्गारेट विल्सन निवर्तल्या तेव्हा जोतीराव आठ वर्षांचे होते. त्यामुळे मार्गारेट यांच्या कामाचा भिडे वाड्याशी थेट धागा जोडणे योग्य होणार नाही. परंतु मुलींना मराठीतून, त्यांच्या वस्तीत जाऊन शिकवता येते, त्यासाठी आईबापांची मनधरणी करावी लागते आणि मुलगी शिकल्याने घरावर संकट कोसळत नाही, याचा दाखला मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर १८४९ पूर्वी वीसपंचवीस वर्षे होता, आणि तो देणाऱ्यांत मार्गारेट यांच्या शाळा होत्या. मिशनच्या शाळांना विरोध करणाऱ्या सुधारकांनीही मुलींचे वर्ग, वाचन व शिवणकाम हा नमुना थोड्याफार फरकाने तसाच उचलला. धर्मोपदेश तेवढा वगळला.

जॉन विल्सन १८७५ मध्ये मुंबईतच निवर्तले. त्याआधी १८६९ मध्ये, त्यांच्या मुंबईतील आगमनाला चाळीस वर्षे झाल्याबद्दल, विविध धर्मांच्या नागरिकांनी त्यांना मानपत्र आणि एकवीस हजार रुपयांची थैली अर्पण केली होती. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी त्याच सुमारास भूषवले. कॉलेजला त्यांचे नाव मिळाले आणि १८८९ मध्ये चौपाटीवरील इमारत उभी राहिली. मुलींच्या शाळेला नाव मिळाले ते सहाव्या शतकात आयर्लंडहून स्कॉटलंडच्या आयोना बेटावर जाऊन ख्रिस्ती मठ स्थापणाऱ्या संत कोलंबा यांचे. आज विल्सन कॉलेज, विल्सन हायस्कूल आणि सेंट कोलंबा या संस्था जॉन विल्सन एज्युकेशन सोसायटीच्या एकाच छत्राखाली चालतात, आणि शाळेचे स्थापनावर्ष सांगताना मार्गारेट विल्सन यांचे नाव पहिले घेतले जाते.